दिव्यावरचा अंधार

पौष महिन्यातील अमावास्येच्या आसपासची रात्र आहे. शेतात ज्वारीची कणसे भरली आहेत. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त करू नये म्हणून शेतकरी जागलीला आला आहे. हट्ट धरून त्याच्याबरोबर आलेला त्याचा मुलगा माळ्यावर घोंगडी पांघरून बसला आहे. शेकोटी विझत आली आहे, वारा पडला आहे. मुलगा सहज मान वर करतो आणि पाहतच राहतो. मृगाचा चौकोन, त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण, त्यामागे लखलखणारा व्याध, तांबूस रोहिणी, कृत्तिकांचा लहानसा पुंजका, आणि या सर्वांच्या बाजूने वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेला धुरकट पांढरा पट्टा. ती आकाशगंगा! इतके तारे आकाशात आहेत, हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते.

हाच मुलगा पुढे शिक्षणासाठी नांदेडला किंवा लातूरला जातो. तेथे एके रात्री अभ्यास संपवून तो गच्चीवर येतो आणि ओळखीच्या जागी ओळखीचे तारे शोधू लागतो. व्याध दिसतो, बाणाचे तीन तारेही दिसतात. पण आकाशगंगा दिसत नाही, कृत्तिकांच्या जागी केवळ एक पुसट ठिपका उरलेला असतो. आकाश तेच आहे, तारेही तेच आहेत. मग ते गेले कोठे?

ते कोठेही गेले नाहीत. आपणच त्यांच्यावर उजेडाचा पडदा ओढला आहे. अंधार ही काहीच नसण्याची अवस्था आहे, म्हणून तो जितका लवकर नाहीसा होईल तितके बरे, असे आपण समजतो. मला मात्र असे वाटते की रात्रीचा स्वच्छ अंधार हे नदी, झाडे आणि माती यांच्यासारखेच एक धन आहे. मराठवाड्यात ते अजून पुष्कळ शिल्लक आहे आणि ते आपण जपून ठेवले पाहिजे. असे मला का वाटते, ते या पाठात सांगतो.

प्रथम त्या अंधारात दिसते तरी काय, ते पाहू. आपला सूर्य हा एक तारा आहे. तो आपल्या जवळ आहे म्हणून एवढा मोठा आणि तेजस्वी दिसतो. एरवी आकाशातील इतर ताऱ्यांपेक्षा तो काही निराळा नाही. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. नांदेडहून लातूरला जाण्यास एस. टी. गाडीला तीन तास तरी लागतात. प्रकाशाला ते अंतर तोडण्यास सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. असा हा वेगवान प्रकाश सूर्यापासून निघून पृथ्वीवर येण्यास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद घेतो. आणि सूर्याच्या पलीकडचा सर्वांत जवळचा तारा? त्याच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास ४ वर्षांहून अधिक काळ लागतो. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो, त्या अंतरास प्रकाशवर्ष म्हणतात. ताऱ्यांची अंतरे या मापानेच मोजावी लागतात. तेथे किलोमीटरांचा हिशेब पुरत नाही.

रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा जो व्याध, तो आपल्यापासून सुमारे साडेआठ प्रकाशवर्षे दूर आहे. व्याधाच्या ईशान्येला प्रश्वा नावाचा एक ठळक तारा आहे. त्याचे अंतर सुमारे साडेअकरा प्रकाशवर्षे. मुलांनो, या आकड्यापाशी क्षणभर थांबा. तुमच्यापैकी ज्याला आज साडेअकरा वर्षे पूर्ण होत असतील, त्याने आज रात्री प्रश्वा पाहावा. त्याच्या डोळ्यांत शिरणारा तो किरण त्याच्या जन्माच्या सुमारास प्रश्वापासून निघालेला आहे. तो रांगू लागला, चालू लागला, शाळेत जाऊ लागला, तेव्हा तो किरण वाटेवर होता, आणि आज तो पोहोचला आहे. म्हणजे आकाशाकडे पाहणे हे भूतकाळाकडे पाहणे होय.

आता आकाशगंगेचा तो धुरकट पट्टा घ्या. हजारो वर्षे लोक त्याला स्वर्गातील नदी म्हणत आले. गॅलिलिओने त्याच्यावर दुर्बीण रोखली, तेव्हा तो पट्टा असंख्य बारीक ताऱ्यांचा बनलेला आहे असे त्याला दिसले, आणि १६१० साली त्याने हे जगास सांगितले. आज आपण जाणतो की आपला सूर्य ज्या प्रचंड तारकासमूहात आहे, त्याचीच ती आतून दिसणारी कड आहे. हा समूह एखाद्या भाकरीसारखा चपटा व वाटोळा असून त्याचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे आहे. त्यात १० हजार कोटींहून अधिक तारे आहेत. सूर्य त्याच्या मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर, एका बाजूला आहे. भाकरीतल्या एखाद्या कणाला डोळे असते, तर त्याला वर आणि खाली थोडेच कण दिसले असते; परंतु भाकरीच्या पसरटपणाच्या दिशेने पाहिल्यास सभोवार कणांची दाट कड दिसली असती. आपल्याला आकाशगंगा पट्ट्यासारखी दिसते ती याच कारणाने.

आणि ही एकच भाकरी नव्हे! माघाच्या प्रारंभापर्यंत, अंधार पडताच वायव्येच्या अंगाला पाहिले, तर देवयानी या तारकासमूहात एक अगदी पुसट, लांबट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो तारा नाही, ती आपल्या आकाशगंगेसारखीच एक स्वतंत्र दीर्घिका आहे. एडविन हबल या अमेरिकन ज्योतिर्विदाने १९२३-२४ साली तिचे अंतर मोजले, तेव्हा ती आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर आहे हे सिद्ध झाले. आजच्या मापनानुसार ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा आपल्यासारखा मनुष्य पृथ्वीवर जन्मलाही नव्हता. अशा दीर्घिकांची संख्या १० हजार कोटींपेक्षाही अधिक आहे. हे सारे विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी अत्यंत दाट व तप्त अवस्थेतून प्रसरण पावू लागले आणि आजही ते प्रसरण पावतच आहे.

हे सर्व पुस्तकातही वाचता येते, हे खरे. पण पुस्तकात वाचणे आणि डोळ्यांनी पाहणे यांत फार अंतर आहे. गोदावरीचे चित्र पाहणे आणि नांदेडच्या घाटावर उभे राहून तिच्या पाण्यात हात घालणे या दोन गोष्टी एक आहेत काय? देवयानीचा तो पुसट ठिपका ज्याने स्वतः शोधून काढला, त्याला विश्वाचा विस्तार शिकवावा लागत नाही. तो त्याच्या मनात आपोआप घर करतो. आणि हा ठिपका शहराच्या झगमगाटात दिसत नाही. तो पाहण्यास अंधारच लागतो.

आपल्या आजोबा-पणजोबांना आकाशाची चांगली ओळख होती. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशा नक्षत्रांच्या नावांनी आपला शेतकरी आजही पावसाचे दिवस मोजतो. मृग निघाला की पेरणीची तयारी करावयाची, हे लहान मुलासही ठाऊक असते. पण जूनमध्ये मृग निघतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो रात्री आकाशात का दिसत नाही, असा प्रश्न तुम्ही कधी विचारला आहे काय? त्याचे उत्तर असे की, त्या दिवसांत सूर्यच मृग नक्षत्रात असतो. त्यामुळे ते तारे दिवसा आकाशात असतात आणि सूर्यप्रकाशात बुडून जातात. पौषात सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला गेलेला असतो, म्हणून मृग रात्रभर आपल्याला दर्शन देतो. ज्यांनी प्रथम हे ओळखले, त्यांनी वर्षानुवर्षे आकाश किती बारकाईने पाहिले असेल!

येथे एक खुलासा केला पाहिजे. नक्षत्र पाऊस पाडत नाही. घड्याळ पाहून गाडीची वेळ कळते, पण घड्याळ काही गाडी आणत नाही. नक्षत्रे हे आपल्या पूर्वजांचे घड्याळ होते. पुढे दिनदर्शिका छापून भिंतीवर टांगली गेली, आणि आपण ते मोठे घड्याळ पाहण्याचे सोडून दिले. नावे तोंडात राहिली, तारे मात्र विस्मरणात गेले. तारे दिसत नाहीत तेथे त्यांच्याविषयी खोट्या समजुती आणि भीती वाढते. जो तारा रोज पाहतो, तो त्याला भीत नाही.

उजेडाने आकाश कसे हिरावले जाते, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्ही शिकला आहात. त्या संस्थानातील नवाब जफर जंग या सरदारास आकाशनिरीक्षणाची फार आवड. त्याने १९०१ साली परदेशातून दुर्बिणी आणवून हैदराबादेस वेधशाळा स्थापन केली. तीच पुढे निजामिया वेधशाळा या नावाने प्रसिद्धीस आली. संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करावी, असा संकल्प जगातील ज्योतिर्विदांनी १८८७ साली पॅरिस येथे केला होता. या कामासाठी आकाशाचे पट्टे निरनिराळ्या देशांतील वेधशाळांना वाटून देण्यात आले होते, आणि त्यांतील काही पट्टे हैदराबादच्या वाट्यास आले. तेथील लोकांनी वर्षानुवर्षे काचेच्या पट्ट्यांवर ताऱ्यांची छायाचित्रे घेतली, एकेका ताऱ्याचे स्थान मोजले आणि साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद केली. जगाच्या ज्ञानात हैदराबादने घातलेली ही मोलाची भर होय.

पुढे हैदराबाद शहर वाढले. बेगमपेठेतील या वेधशाळेच्या भोवती वस्ती झाली, दिवे वाढले, आकाश उजळले. म्हणून ४८ इंच व्यासाची नवी मोठी दुर्बीण बसवावयाची वेळ आली, तेव्हा ती शहरापासून दूर रंगापूर गावाजवळ न्यावी लागली. १९६८ साली ती तेथे कार्य करू लागली. दुर्बिणीला गाव सोडून अंधाराच्या शोधात जावे लागते. आपले डोळे मात्र आहेत तेथेच राहतात आणि त्यांना जे दिसत नाही ते नाहीच असे समजू लागतात.

आता दुसरे उदाहरण पाहा. ते तर आपल्या अगदी शेजारचे आहे. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ हे तीर्थक्षेत्र आहे. त्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये खर्चाची तरतूद करण्यात आली. ही वेधशाळा प्रकाश पाहणार नाही; ती गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. दोन अतिशय जड कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे अवकाशात लहरी उठतात, जशा तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तशा. अशी लहर मानवाने प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपली. ज्या टकरीतून ती उठली, ती टक्कर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी झाली होती. ही लहर इतकी सूक्ष्म होती की तिने ४ किलोमीटर लांबीच्या नळीच्या लांबीत अणुगर्भातील कणाहूनही लहान फरक पडला. अशा लहरींच्या शोधकार्यात पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील संजीव धुरंधर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे परिश्रम केले आहेत.

एवढ्या मोठ्या देशात या कार्यासाठी औंढ्याच्या परिसराची निवड का झाली? अशा वेधशाळेस जमिनीचे कंपन अत्यंत कमी असावे लागते. मोठे कारखाने, अवजड वाहतूक, रेल्वेचा धडधडाट जवळ असून चालत नाही. म्हणजे ज्या गोष्टी नाहीत म्हणून आपण आपल्या भागास मागासलेला म्हणतो, त्यांचे नसणेच येथे उपयोगी पडले! शांततेची जी गोष्ट, तीच अंधाराचीही. ज्याला आपण उणीव समजतो, ते जगाच्या दृष्टीने दुर्मीळ धन असू शकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार पृथ्वीवरील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. बालाघाटच्या डोंगरावरील एखाद्या वाडीतल्या मुलाला ती अजून अंगणातून दिसते. श्रीमंत कोण, हे तुम्हीच ठरवा.

यावर कोणी म्हणेल, “हे बोलणे सोपे आहे. ज्यांनी अंधारात विंचू-काट्यातून वाट काढली, कंदिलाच्या धुरात अभ्यास केला, त्यांना अंधाराचे कौतुक सांगू नका.” हा आक्षेप खोटा नाही. मराठवाड्यातील कित्येक खेड्यांत वीज फार उशिरा आली, आणि ती आली तेव्हा लोकांना सण साजरा झाल्यासारखे वाटले. रस्त्यावर दिवा असावा, दवाखान्यात असावा, मुलींना निर्भयपणे घरी परतता यावे. लातूरच्या खोल्यांतून रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मेजावर तर तो असलाच पाहिजे. अंधार जपणे म्हणजे दिवे विझवून मागे जाणे नव्हे.

प्रश्न दिव्याचा नाही. दिव्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे, याचा आहे. गावच्या चौकात उंच खांबावर लावलेले हायमास्टचे दिवे पाहा. त्यांचा उजेड जमिनीवर पडतो तसाच बाजूस आणि वरही जातो. वर गेलेल्या उजेडात कोणी चालत नाही की कोणी वाचत नाही. तो हवेतील कणांवर आणि धुळीवर आपटून विखुरतो आणि सारे आकाश उजळून टाकतो. त्या उजेडात मंद तारे बुडून जातात, जशी उन्हात समईची ज्योत दिसेनाशी होते. त्यातही निळसर पांढरा प्रकाश पिवळसर प्रकाशापेक्षा अधिक विखुरतो. ज्या कारणाने दिवसाचे आकाश निळे दिसते, तेच याचेही कारण आहे. म्हणून दिव्यावर टोपी बसवली, त्याचे तोंड खाली केले, पिवळसर दिवा वापरला आणि गरज संपताच तो मालवला, तर रस्ता तितकाच उजळ राहील आणि आकाशही परत मिळेल. शिवाय वीज वाचेल, ती निराळीच.

ही केवळ कल्पना नव्हे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील गावांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवण्यात आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला अंधाऱ्या आकाशाचे संरक्षित उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळवणारे ते भारतातील पहिले उद्यान ठरले. जे पेंचच्या गावांना साधले, ते आपल्या गावास का साधू नये? ग्रामपंचायतीपुढे हा विषय मांडण्यास फार मोठा पैसा लागत नाही. लागते ती इच्छा. आणि तो मांडणाऱ्याचे वय बारा वर्षांचे असले, म्हणून काही बिघडत नाही.

मात्र त्याआधी एक काम करा. हिवाळ्यातील एका निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्री घरातील वडीलधाऱ्यांस बरोबर घेऊन उजेडापासून दूर जा. पंधरा-वीस मिनिटे कोणताही दिवा पाहू नका, म्हणजे डोळे अंधारास सरावतील. मग उत्तरेकडे क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर स्थिर असलेला ध्रुव शोधा. तो तेवढ्याच उंचीवर असतो, कारण आपला प्रदेशही विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. नंतर कृत्तिका पाहा आणि त्यांतील तारे मोजा. पुष्कळांस सहा दिसतात. आकाश चांगले काळे असेल आणि डोळे तीक्ष्ण असतील, तर सात-आठही दिसतात. दिसलेला आकडा वहीत लिहून ठेवा. पुढील वर्षी त्याच जागेवरून, त्याच दिवसांत पुन्हा मोजा. आकडा कमी झाला, तर तुमच्या आकाशातून काही चोरीस गेले आहे असे समजा. आणि चोर शोधण्यास फार दूर जाऊ नका.

आपल्या भाषेत ‘दिव्याखाली अंधार’ अशी म्हण आहे. जगाला उजेड देणाऱ्याच्या स्वतःच्या पायांशी मात्र काळोख असतो, असा तिचा अर्थ. आकाशाची ओळख हरवू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी ही म्हण उलटी करून घरोघरी, चौकाचौकांत लावली पाहिजे. दिव्याखाली उजेड असावा आणि दिव्याच्या वर अंधार. म्हणजे पायाखालची वाट दिसेल, आणि मान वर केली तर प्रश्वापासून साडेअकरा वर्षे प्रवास करून आलेल्या त्या किरणालाही आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचता येईल.